चौकोन खंय आसा?

किस्से जमवायला कुणी मुद्दाम बसत नाही. आमच्या स्टुडिओच्या खणात जुन्या बॅटऱ्या साठतात तसे ते साठतात. कुठल्यात चार्ज उरलाय आणि कुठली मेली, ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, चहा झाला होता, आम्ही एकेक लावून बघायला लागलो, तर बहुतेक सगळे चालू निघाले! म्हणून म्हटलं, निदान हे चौकोनाचे तरी लिहून टाकावेत.

आमचा स्टुडिओ धारगळला, हायवेला लागून. मालक अण्णा. फिल्मचा रोल धुवायच्या जमान्यापासून पेडण्या-डिचोलीतली लग्नं त्यांनी काढलीत. कुठल्याही घरात गेले तर भिंतीवरचा फोटो बघून "हो माझो" म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो असतोही.

हाताखाली दोन फोटोग्राफर. सगुण इथलाच, अंगाने पाप्याचं पितर, पण पानावर बसला की वाढणारा दमतो. दुसरा दिगू, तो बांद्याहून बाईकवर येतो. हायवेवर लोक एकमेकांना मागे टाकत असतात, दिगूला सायकलीसुद्धा मागे टाकतात. आणि मी रेखा. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर असते, फोटो निवडते, अल्बम लावते. कुठल्या लग्नात कोण रुसलं आणि कोण दोनदा जेवलं, ते मला खुर्चीतून न उठता कळतं.

भानगड होती ती धूसर फोटोंची. फोटो धूसर आला की सगुण म्हणायचा, "अण्णा, कॅमेरो बिघडला. सर्व्हिसिंगक दिवपाक जाय." दिगू म्हणायचा, "माझो बरो इल्लो. रेखान एडिटिंगात घालवल्यान." आणि गिऱ्हाईकही माझ्याकडेच बघायचं, कारण समोर मीच बसलेली!

अण्णांचं मात्र एकच शास्त्र. "कॅमेऱ्याक नांवां ठेवू नाकात. एक तर तुमची नदर भलतीकडे आसली, नाजाल्यार हात हाललो. ज्याचो हात हालता, तोच कॅमेरो सर्व्हिसिंगक धाडटा!" एवढं बोलून ते स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून दाखवायचे. "हे बघ. उभ्या जल्मांत हालूंक नात."

त्या हातांनी त्यांना एक काम करायचं होतं. त्यांची एकुलती मुलगी दर्शना, म्हापशाला बँकेत आहे. तिच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणी नाही, आपणच काढायचे, हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. नवरा मुलगा मिळायच्या आधी लेन्स ठरलेली होती! त्यांची बायको माई मग विचारायची, "आनी कन्यादान कोण करतलो? ट्रायपॉड?"

अण्णा लगेच कुणालातरी फोन लावायचे.

* * *

रोज माझ्या नावाने खडे फुटायला लागल्यावर मीच शोध घेतला, आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. फोटो काढताना कॅमेऱ्याने फोकस नेमका कुठे धरला, ते फोटोच्या फाइलीतच कुठेतरी लपलेलं असतं. हे सॉफ्टवेअर ते शोधून काढतं आणि तिथे एक लाल चौकोन काढून दाखवतं. बस, एवढंच. पण एवढ्याने घरं मोडतील!

अण्णांनी चष्मा कपाळावर नेऊन ते बघितलं. "हो चहाडखोर खंयसून हाडलो गो?"

"खरं तेच सांगतो, अण्णा," मी म्हटलं.

"चहाडखोर आनीक कितें सांगता?"

पण आमच्याकडे नवी वस्तू आली की तिच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. कॅमेऱ्याला घातलं होतं, फ्रीजला घातलं होतं, पंख्यालाही घातलं होतं. तेव्हा सॉफ्टवेअरने काय घोडं मारलंय? सोमवारी सकाळी कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवला, अण्णांनी हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या स्टुडिओंत जो चौकोन इलेलो आसा, तो खऱ्याचो आसलो तर त्याका हंय ऱ्हांव दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

"आनी कोणाची अब्रू घेवक इलो आसात, तर इल्या वाटेन परत धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगुणचा आवाज सगळ्यात मोठा होता.

नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि मी आदल्या दिवशीचं पेडण्याचं लग्न उघडलं. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात तो फोटो. दोघंही धूसर! सगुणने काढलेला. त्याने खोबरं चावत नेहमीचं सुरू केलं, "अण्णा, कॅमेरो..."

मी चौकोन लावला. तो नवऱ्याच्या कानाजवळून मागे गेला होता आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या आईस्क्रीमच्या काउंटरवर बसला होता. डब्यातला चमचासुद्धा असा स्पष्ट, की आपण उचलावा.

अण्णा काही रागावले नाहीत. त्यांनी मायेने विचारलं, "खंयचें आशिल्लें रे आईस्क्रीम?"

"टेंडर कोकनट," सगुण म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओचा नियम आहे. फोटोग्राफर पहिल्या पंगतीच्या आधी जेवतो. यजमानांना हे फार विचित्र वाटतं. आम्ही त्यांना कारण सांगत नाही.

* * *

डिचोलीला एका ट्रकमालकाकडे सत्यनारायण होता. नवरा-बायको पाटावर, भटजी पोथी वाचतायत, सगळं यथासांग. सगुण ह्या वेळी जेवून गेला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

फोटो आले आणि मी कपाळावर हात मारला. पूजेला बसलेला यजमान धूसर, बायको धूसर, भटजी धूसर. स्पष्ट काय, तर मागच्या भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो! पागोटं, मिशा, करारी नजर. नवे कॅमेरे माणसाचे डोळे शोधून तिथे फोकस धरतात. डोळे जिवंत माणसाचे की तसबिरीतले, ते त्यांना कळत नाही. खाली मान घालून पूजा करणाऱ्यांपेक्षा आजोबा समोर रोखून बघत होते, त्यामुळे चौकोन जो त्यांच्याकडे गेला तो गेलाच.

यजमानाला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि खरं काय ते दाखवलं. यजमान वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. सगुण दाराच्या बाजूला सरकला.

"चौकोन आज्याच्या डोळ्यारच आसा?" यजमानाने विचारलं.

"हो. दोन्ही डोळ्यांवर."

तो एकदम बायकोकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "सांगलेलें मगे तुका! आजो पूजेक येतलो म्हणून!"

बायकोने एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि पदर सारखा केला. "येतलोच. जिवंत आसताना तरी खंय दुसऱ्याक फुडें बसूंक दिल्लें?"

तो फोटो मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये लावलाय. आता त्या भिंतीवर आजोबा दोनदा आहेत.

* * *

हळर्णचे विठूभाई दर वर्षी चवथीला माटोळी बांधतात ती बघायला आजूबाजूचे गाव येतात. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेला लाकडी चौकटीचा मांडव, त्याला रानातली फळं, फुलं, वेली बांधायच्या. विठूभाई महिनाभर आधीपासून डोंगर पालथे घालतात. कुठलं रानफळ कुठल्या ओहोळाकाठी मिळतं, ते बायकोलाही सांगत नाहीत.

सगुणने त्यांच्याकडचे फोटो मन लावून काढले. विठूभाई अल्बम घेऊन तणतणत आले. "ही माटोळी कशी दिसता बघ! धुंवर पडल्या वरी!"

मी चौकोन लावून दाखवला. तो गणपतीच्या डोळ्यावर होता, अगदी मधोमध. सगुणची छाती फुगली. "देवाचेर फोकस केलां, विठूभाई!"

"देव सगळ्यांगेर आसता," विठूभाई म्हणाले. "ही माटोळी आनी कोणागेर आसा?"

पुढच्या वर्षी सगुणने सगळे चौकोन माटोळीवर मारले. एकेक फळ मोजून घ्यावं! ह्या खेपेला विठूभाईंची बायको आली. "कितें रे, आमगेलो देव खंय गेलो?"

दोघांच्या मध्ये सगुण रडकुंडीला आला. अण्णांनी बाहेरूनच निकाल दिला, "दोन फोटो काड रे. एक देवाचो, एक घोवाचो!"

* * *

जत्रेला आमच्याकडे नाटक लागतं. काम करणारे सगळे गावचेच. राजाचं काम बरीच वर्षं मधूभाईंकडे आहे. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे, पण मुकुट घातला की चाल बदलते. फक्त पाठांतराच्या नावाने आनंद. त्यामुळे विंगेत प्रॉम्प्टर बाबल हाताला बॅटरी बांधून उभा असतो आणि राजाचं राज्य चालवतो.

त्या वर्षी फोटो दिगूने काढले. मधूभाई दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आले. "राजा मी. आनी सगळ्या फोटोंत मीच धूसर? हें कोणाचें कारस्थान?"

मी एकेक फोटो उघडत गेले, चौकोन लावत गेले. राजा सिंहासनावर, चौकोन विंगेत. राजा तलवार उपसतोय, चौकोन विंगेत. राजा राणीचा हात धरतोय, चौकोन विंगेत! प्रत्येक फोटोत पडद्याच्या आडून बाबलचा चेहरा बाहेर आलेला, तोंड उघडं, आणि असा लख्ख की हनुवटीवरचे खुंट दिसावेत. दाढी-मिशा-मुकुटाच्या गर्दीत कॅमेऱ्याला मधूभाईंचं तोंड सापडत नसावं. पण हे शांतपणे सांगण्याइतका वेळ दिगूने मला दिला नाही.

"माझी चूक नाय, मधूभाई," तो म्हणाला. "मी काय केलंय, जो बोलता त्येच्यार कॅमेरो धरलंय."

मधूभाई वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. पुढच्या जत्रेला मंडळींनी राजाचं काम बाबलला दिलं, कारण नाटक त्याला तोंडपाठ होतं, आणि मधूभाईंना प्रॉम्प्टिंगला उभं केलं.

ह्या वेळी मधूभाईंचे सगळे फोटो एकदम स्पष्ट आले.

* * *

लाटंबार्स्याच्या सरस्वतीकाकूंना मुलाच्या लग्नाची काळजी होती. मुलगा उल्हास, सरकारी नोकरीत, सांगून आलेली मुलगी शेजारच्या गावची, चांगली शिकलेली. पत्रिका जुळली, घरं जुळली, पण उल्हास ना हो म्हणे ना नाही. विचारलं की जेवायला बसे. शेवटी काकूंनी ठरवलं, देवीचा कौल घ्यायचा. आमच्याकडे देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजव्या बाजूची पाकळी पडली तर काम करावं, डावी पडली तर करू नये. पण देवळातल्या भटजींना नेमकं सुतक आलेलं!

त्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या होत्या त्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो निवडायला. त्यात एक फोटो निघाला. मांडवात उल्हास डावीकडे उभा, आणि उजवीकडे तीच मुलगी! ती पाहुणी म्हणून आली होती, दिगूने दोघांना एका चौकटीत धरलं होतं. मी आपली सवयीने चौकोन लावला. तो उजवीकडे मुलीवर पडला.

काकू खुर्चीतून उठल्या. "हो आपोआप पडटा?"

"हो, म्हणजे कॅमेरा जिथे..."

"उजवो कौल!" त्यांनी चपला काढल्या आणि मॉनिटरला दोन्ही हात जोडले.

मी समजवायचा प्रयत्न केला. पण देवावर एवढा विश्वास असलेल्या बाईला मेमरी कार्ड कुठून समजवायचं? काकू घरी गेल्या, उल्हासला म्हणाल्या, कौल झालाय. आणि गंमत म्हणजे तो सुटला! त्याला मुलगी पसंतच होती, फक्त "हो" म्हणायची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी होती. लग्न आम्हीच काढलं. संसार छान चाललाय.

त्या लग्नाचे फोटो बघताना मला वेगळंच दिसलं. दिगूने काढलेल्या प्रत्येक फोटोत चौकोन उजवीकडे. भटजी उजवीकडे, मामा उजवीकडे, उजवीकडे माणूस नसेल तर केळीचा खांब!

"दिगू, हे काय रे?"

"अगो, चौकोन हलवूचा बटण अडाकला ना," दिगू शांतपणे म्हणाला. "चवथीपासून उजवीकडेच आसा तो. माका सवय झाली."

"अण्णा, ऐकलंत? हा कॅमेऱ्याचा दोष! चक्क कॅमेऱ्याचा!" सगुणला इतका आनंद झाला की तो टेबलावर बसला.

अण्णांनी त्याला आधी उठवलं. मग म्हणाले, "तो दोष न्हय. तो कौल."

* * *

दर्शनाचं लग्न ठरलं ते ह्याच सुमारास. मुलगा डिचोलीचा, शाळेत गणित शिकवतो. अण्णांनी लेन्स पुसायला काढली आणि माईने त्याच दिवशी पाट काढून दाखवला. "तुमी हंय बसतले. हात मोकळे घेवन."

अण्णा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. "आयुष्यभर लोकांच्या चेडवांचे फोटो काडले," एवढंच एकदा मला म्हणाले, आणि बाहेर जाऊन हायवेकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या मनाने ते लग्न कधीच काढून झालेलं होतं, आता फक्त घडायचं राहिलं होतं.

शेवटी दर्शनानेच तोड काढली. "बाबा, लग्न सगुण आनी दिगू काडटले. पूण एक फोटो तुमचो. एकच. खंयचो तो तुमी थारायात."

अण्णा खुलले! मग कुठला फोटो, ह्यावर रोज खल. मंगळसूत्राचा म्हणावा तर तेव्हा पाटावर असणार. सप्तपदीचा म्हणावा तर धूर. फोटो ठरत नव्हता, पण बाकीचं ठरलं होतं. "रेखा, तूं तुझो चौकोन लावन बघ. डोळ्याच्या बावलेर पडटलो. मागीर ह्या दोगांक दाखय, फोकस कशाक म्हणटात तो."

आणि तेवढ्यात, कॅमेऱ्याला नवं बटण बसल्या बसल्याच, दिगूचं ते लाटंबार्स्याच्या काजूच्या बागेतलं प्रकरण झालं.

लग्न ठरलेल्या एका जोडप्याचे फोटो काजूच्या बागेत काढायचे होते. बाग मुलीच्या मामाची, बागेच्या खाली त्याचीच भट्टी, आणि दिवस ऐन हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे. मामा दिलदार. दिगू घाई न करणारा माणूस, त्याने एकेक ग्लास सावकाश, मिठाची चिमूट आणि मिरचीची चीर घालून, नीट न्याय देत घेतला. आणि मग फोटो काढले.

सगळे धूसर! नुसते धूसर नाही, नवरीला चार भुवया दिसत होत्या. पण दिगू निवांत. "चौकोन लाव गो. चौकोन बघ खय आसा तो."

मी लावला. प्रत्येक फोटोत चौकोन नवरीच्या डोळ्यावर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

"बघ!" दिगू म्हणाला. "आता बोला. माझी चूक आसा?"

सगुणने स्क्रीनला बोट लावून चौकोन तपासला. मीही जरा गोंधळले. अण्णांनी फोटो एकदाच बघितला. "चौकोन जाग्यार आसा. हात खंय आशिल्लो?"

आणि त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी विसरले नाही. फोकस चुकला, तर दुसरं काहीतरी स्पष्ट असतं. नवरा नाही तर आईस्क्रीम, राजा नाही तर बाबल. पण चौकोन जागेवर आहे आणि तरीही फोटोत काहीच स्पष्ट नाही, पान नाही, फांदी नाही, चेहरा नाही, तर समजायचं, हात हलला.

"कॅमेऱ्याक कांय जावंक ना," अण्णा म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे स्वतःचे हात पुढे धरले.

* * *

दर्शनाचं लग्न त्यांच्या अंगणात झालं. सगुण जेवून आला होता. दिगूच्या कॅमेऱ्याचं बटण नवीन होतं. मी एरवी लग्नं हातात माऊस धरून बघते, ह्या लग्नाला नुसती साडी नेसून गेले होते आणि हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

अण्णांनी कन्यादान केलं. फार सुंदर केलं. भटजी सांगतील ते, सांगतील तेव्हा, कुठे गडबड नाही. सगुण त्यांचा फोटो काढायला पुढे वाकला तर डोळ्यांनीच त्याला "डावीकडून" म्हणून सांगितलं! मी सारखी बघत होते, अण्णा आपला एक फोटो कधी काढतायत. मंगळसूत्र झालं, नाही काढला. सप्तपदी झाली, नाही काढला. जेवणं उरकली, ऊन उतरलं, गाडी दाराशी येऊन लागली, तेव्हा ते आत गेले आणि कॅमेरा गळ्यात घालून बाहेर आले.

"उजेड कमी आसा, अण्णा," सगुण हळूच म्हणाला. "फ्लॅश लायात."

"चेडवाचेर फ्लॅश मारूं?" अण्णा म्हणाले. "माझे हात आसात मगे."

ते गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. दर्शना माईच्या गळ्यात पडली, तेव्हा त्यांनी कॅमेरा उचलला नाही. मावशीच्या गळ्यात पडली, तेव्हाही नाही. माणसं बाजूला झाली. केसात अबोलीचा वळेसर, हातभर हिरवा चुडा, तिने गाडीच्या दारावर हात ठेवला आणि वळून बघितलं. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

आमच्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत. ती म्हणाली, "बाबा, येतां हां."

एकच क्लिक ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळी सगळ्यांच्या आधी स्टुडिओत येऊन बसले होते. सगुण आला, दिगूसुद्धा वेळेवर आला. अण्णांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "लाव."

मी फोटो उघडला. मांडवातल्या दिव्यांच्या लांब लांब रेघा झाल्या होत्या. गाडीचं दार, चुडा, अबोली, सगळं एकातून एकात ओढलं गेलेलं. दर्शनाचा चेहरा होता, पण तो तिचा आहे हे आम्हाला माहीत होतं म्हणून कळत होतं. मी फोटोच्या चारही कोपऱ्यांत जाऊन बघितलं. कुठे एक पानसुद्धा स्पष्ट नव्हतं.

सगुणने तोंड उघडलं. दिगूने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"चौकोन खंय आसा?" अण्णांनी विचारलं.

मी लावला. "डोळ्यावर, अण्णा," मी म्हटलं. "अगदी बाहुलीवर."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"सगुण," ते म्हणाले, "कॅमेरो सर्व्हिसिंगक दी."

सगुणने दिगूकडे बघितलं, दिगूने माझ्याकडे.

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं म्हणालो.